बंद मशीनवरची पन्हळ

“मग माझ्या हातात खोट तरी काय हाय?” परसूनं विचारलं.

केरबा मिस्त्री पटाशीला धार लावत होते. त्यांनी दगडावर पाणी शिंपडलं. 

“सांगा की. असंल तर तोंडावर सांगा.”

“खोट न्हाई.”

“मग?”

“हात लई चपळ हाय तुझा.”

“ते सगळं गाव म्हणतंय.”

“गाव खरं म्हणतंय.”

“मग पन्हळ मला का देत न्हाई?”

“म्हणूनच.”

दारातल्या बाकावर सिदाप्पा गुरव बसले होते. रवळनाथाचे पुजारी. ते हसले.

“चपळ नको असंल तर माझा हात घ्या, मिस्त्री. माझ्या हातनं देवाला निवद पोचेस्तवर भात गार हुतोय.”

परसू हसला नाही.

गोष्ट पालखीची होती. रवळनाथाची जुनी पालखी किडली होती. गावानं जत्रेपर्यंत नवी करायचं ठरवलं, आणि देवळामागचा फणस त्यासाठी दिला. फळ्या पडल्या. गुरवानं त्यांना अंगारा लावला. काम केरबांच्या सुतारखान्यात आलं.

त्या गावची एक रीत होती. देवाच्या लाकडाला एकदा अंगारा लागला, की पालखी उभी राहीपर्यंत ते भुईला टेकवायचं नाही. फळी लाकडी घोड्यांवर ठेवायची. तुकडा निघाला तर टोपलीत टाकायचा. एखादी फळी भुईला लागलीच, तर ती बाद. म्हणून गुरवानं रोज येऊन बसायचं आणि बघायचं.

सिदाप्पा बघायचे कमी आणि बोलायचे जास्त. पण एक गोष्ट त्यांनी गावभर सांगितली होती. मिस्त्रींकडचा परसू काही खाली पडू देत नाही. तुकडा सुटतो, आणि परसूचा हात तिथं आधीच असतो. एकदा तो पाठमोरा होता, तरी त्यानं झेलला.

परसूला हे ऐकायला आवडे. कोण सांगू लागलं की तो मान खाली घालून काम करी, पण कान तिकडे असत.

तो काही नवखा नव्हता. शहरात फर्निचरच्या कारखान्यात त्याची बरीच वर्षं गेली होती. बाप वारला तेव्हा गावी आला, आणि केरबांच्या हाताखाली राहिला. केरबांचं कटर मशीन कारखान्यातल्यासारखंच होतं. लोखंडी टेबल, टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल पातं, खाली मोटर. त्यावर परसू टेबलाचे निमुळते पाय काढी. दाराच्या फळीला उतरती कड देई. सांध्यांच्या खाचा पाडी. केरबांनी यातलं काही त्याला अडवलं नव्हतं.

अडवलं ते फक्त पन्हळीला.

पालखीच्या दोन लांब फळ्यांना आतून पन्हळ हवी होती. म्हणजे फळीच्या अंगात लांबच्या लांब, उथळ, गोलसर खोलगा. मशीनवर ती काढायची तर फळी सरळ ढकलून चालत नाही. टेबलावर आडपट्टी तिरकी बांधायची, आणि फळी तिच्या कडेनं पात्यावरून तिरकी सरकवायची. पातं आधी अगदी थोडं वर. फळी एकदा गेली की पातं केसभर वर काढायचं, आणि फळी पुन्हा घालायची. असं करत करत खोलगा उतरतो. घाई केली तर पातं फळीला आडवं धरतं आणि उलटं फेकतं.

हे काम केरबा स्वतः करत आले होते. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. पात्याचे दात त्यांना वेगळे दिसत नव्हते, नुसती धुरकट कड दिसे.

“मग कापणार कोण?” परसू म्हणाला. “तुमाला दिसत न्हाई.”

“मशीनला न्हाई घालत. गोल रंध्यानं काढतो.”

“हातानं? जत्रा निघून जाईल.”

“जाईल.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हातारा ढिला पडला म्हणतील.”

“मला म्हणतील, मला. मिस्त्रीचा भरवसा न्हाई ह्याच्यावर, असं म्हणतील.”

केरबांनी पटाशीची धार अंगठ्याच्या नखावर पाहिली.

परसू जवळ आला.  “ही पन्हळ मला दिली न्हाई, तर मी उद्यापासनं यायचा न्हाई. कारखान्यात मला अजून बोलावत्यात.”

सिदाप्पा तंबाखू मळत होते, ते थांबले.

केरबांनी पटाशी फडक्यात गुंडाळली. फडकं कोनाड्यात ठेवलं. वेळ लावला त्या सगळ्याला.

“काप,” ते म्हणाले.

परसूला वाटलं, चुकीचं ऐकलं.

“आता?”

“आता. पण देवाची फळी ऱ्हाऊ दे. माळ्यावर आंब्याची एक हाय. पन्हळ काढलेली. जुन्या कामातली. ती घे.”

“काढलेली पन्हळ पुन्हा काय काढायची?”

“शेवटचा फेरा कर. तेवढाच बघायचा हाय मला.”

परसूनं फळी उतरवली. धूळ झटकली. मग कामाला लागला, आणि काम करताना तो बोलत राहिला, सिदाप्पांना ऐकू जावं म्हणून. आडपट्टी किती तिरकी ठेवायची ते त्यानं मोजलं. शिकंजे आवळले. पट्टी हलते का ते दोन्ही हातांनी रेटून पाहिलं. पातं पन्हळीच्या खोलीइतकं वर काढलं. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडल्या. अंगठी काढून खिळ्याला अडकवली. ढकलायचे दोन ठोकळे घेतले, एक उजव्या हाताला, एक डाव्या. उभा राहिला तो फळीच्या मागे नाही, बाजूला. फळी उलटी आली तर पोटात बसू नये म्हणून.

सगळं बरोबर होतं. त्यालाही ठाऊक होतं की सगळं बरोबर आहे.

“बटण दाबू?”

केरबा भिंतीपाशी गेले. चाचपून मेन बोर्ड उघडला. फ्यूज काढला आणि बंडीच्या खिशात टाकला.

“आता काप,” ते म्हणाले.

सिदाप्पांना ठसका लागला. “बरं हाय. लाइट गेल्यावर आमच्या घरात बी सगळी असंच काम करत्यात.”

परसूचे कान तापले. “चेष्टा करतासा व्हय?”

“न्हाई.”

“बंद पात्यावर काय कापायचं?”

“चालू असल्यागत काप.”

परसूनं फळी पट्टीला लावली आणि ढकलून दिली. भरकन. फळी पलीकडे निघाली, तशी त्यानं ती धरली.

“हे आसं चालू मशीनवर ढकलशील?”

“न्हाई.”

“मग?”

परसूनं फळी परत आणली. या वेळी हळू ढकलली. फळीच्या खालून पातं घासत गेल्याचा बारीक आवाज आला. मशीन चालू असताना हा आवाज कधी ऐकू येत नाही.

“पुन्हा,” केरबा म्हणाले.

पुन्हा केलं.

“पुन्हा.”

केरबा डोळे मिटून ऐकत होते. हळूहळू परसूचा राग कामात मुरला. हात आपल्या चालीला आला. उजवा ठोकळा फळीच्या शेपटाला, डावा मधोमध, वजन पट्टीकडं. मोटरचा आवाज नव्हता, पण त्याच्या खांद्यांना तो आहे असं वाटू लागलं.

मग केरबा उठले. कोपऱ्यात गेरूची वाटी होती. सूत भिजवून लाकडावर रेघ मारायला ठेवतात ती. त्यांनी वाटीत बोटं बुडवली, आणि एका हातानं पातं फिरवत त्याच्या दातांना सगळीकडून ओला गेरू लावला. दात लाल झाले.

“आता एक फेरा कर.”

परसूनं काही विचारलं नाही. फळी लावली. ढकलली.

फळी पुरुषभर लांब होती. निम्म्याहून जास्त टेबलाच्या पलीकडे गेली, तरी शेपटावर ठोकळा दाबून धरला होता म्हणून आडवी राहिली. मग शेपूट पात्यावरून सुटलं. फळी पुढं झुकली, आणि पडू लागली.

पडली नाही. परसूच्या डाव्या हातानं ठोकळा सोडून ती वरच्या वर धरली.

“झेलली,” सिदाप्पा म्हणाले. त्यांना राहवलं नाही.



परसूनं फळी टेबलावर ठेवली. वळला. “बघितलं?”

“मला दिसत न्हाई,” केरबा म्हणाले. “तू बघ.”

परसूनं हात पाहिला.

डाव्या अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत लाल रेघ होती. ओली. जाड.

 बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडली.

“पातं बंद हाय म्हणून गेला हात,” परसू म्हणाला. “चालू असतं तर नेला नसता.”

“आसंल.”

“खरंच नेला नसता.”

“पूस आणि पुन्हा कर. हात नेऊ नको.”

परसूनं हात पँटला पुसला. आता त्याला ठाऊक होतं कुठे सांभाळायचं. त्यानं फळी लावली. मनाशी घोकलं, हात न्यायचा नाही. ढकलताना घोकत राहिला. शेपूट सुटलं. फळी झुकली.

हात गेला.

फळी हातात होती, आणि रेघ आधीच्या रेघेवरच उठली होती.

परसू हाताकडे बघत राहिला. आपला हात असा त्यानं कधी पाहिला नव्हता.

“पुन्हा,” केरबा म्हणाले.

डावा ठोकळा वेळेआधी सोडून त्यानं हात पाठीमागं धरला. फळी झुकताच हात पाठीमागून निघाला, आणि आला तो थेट पात्यावरून. या वेळी रेघ तळव्यावर होती.

सिदाप्पांनी तंबाखू खाल्ली नाही. चिमूट तशीच बोटांत राहिली.

“ती फळी कुणाची हाय?” केरबांनी विचारलं.

“आंब्याची.”

“देवाची हाय?”

“न्हाई.”

“भुईला लागली तर काय हुतंय?”

“काय न्हाई.”

“मग झेलतोस कशाला?”

परसूनं हात उलटापालटा करून पाहिला. 

“मला कळायच्या आत जातोय,” तो शेवटी म्हणाला.

“व्हय.”

“मग... कारखान्यात कधी कसं काय झालं न्हाई?”

“तिथं खाली पडलं तर कोण बाटत न्हवतं.”

सिदाप्पा चुळबुळले. ही गोष्ट आपल्या बाकापर्यंत आली असं त्यांना वाटलं. “मिस्त्री, रीत माझी न्हाई. आज्याच्या आज्यापासनं हाय.”

“तुला कोण बोललं?”

परसू टेबलाला टेकून उभा होता. गेरू त्याच्या हातावर सुकत चालला होता. “मग मी काय करू? चालू मशीनवर देवाची फळी अशी झुकली, तर पडू देऊ?”

केरबांनी तोंड त्याच्याकडे केलं. डोळ्यांवरची धुरकट साय खिडकीच्या उजेडात दिसली.

“पाड,” ते म्हणाले.

“काय?”

“आंब्याची फळी. पाड.”

“मुद्दाम?”

“पाड म्हणतोय न्हवं.”

परसूनं फळी ढकलली. शेपूट सुटलं. हात अर्ध्यात थांबला, पात्याच्या वर, अधांतरी. फळी खडाड आपटली. परसूनं डोळे मिटून घेतले होते.

“हात कुठं हाय?”

“पात्यावर.”

“मग काय पाडलंस? पुन्हा.”

त्या दुपारी त्या सुतारखान्यात दुसरं काम झालं नाही. परसू फळी ढकली आणि पाडी. ढकली आणि पाडी. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका वर येऊन दारातून डोकावून गेल्या. मिस्त्रीकडं काय मोडतंय, असं त्या एकमेकींना विचारत होत्या. सिदाप्पांनी कानाला उपरणं गुंडाळलं. देवाची माणसं लाकूड झेलतात, आणि हा म्हातारा पाडायला शिकवतो. गावात हे कसं सांगायचं, याचा ते विचार करत होते.

हात मात्र ऐकेना. तो आखडला, अर्ध्यात थांबला. पण निघत राहिला.

“पाठीमागं ठेवला तरी जातोय,” परसू म्हणाला. कपाळावरून घाम गळत होता.

“मोकळा हाय म्हणून.”

परसू विचार करत राहिला. मग त्यानं फळी लावली. ढकलली. शेपूट पात्यापाशी आलं, तसा त्यानं डावा ठोकळा सोडला आणि त्या हातानं टेबलाची आपल्या बाजूची कड घट्ट धरली. फळी सुटली. झुकली. हाताला झटका बसला, पण त्यानं कड धरली होती. ती सोडल्याशिवाय त्याला कुठं जाता येईना.

फळी पडली.

“हात कुठं हाय?”

“कडंला.”

“पुन्हा.”

सूर्य ओढ्याकडे कलला तेव्हा परसू हाताकडे बघून बघून पाडत नव्हता. फळी आपटायची आणि त्याच्या पापण्या लवत नव्हत्या. हातावर नवी रेघ उठली नव्हती. केरबा उठले, धोतराचा भुसा झटकला.

“मागं टेकण लावलं असतं, तर पडलीच नसती ती,” परसू एकाएकी म्हणाला. “दोन घोडे आणि एक फळी. टेबलाच्या उंचीचं. इतकं साधं.”

“मग आजवर लावलं का न्हाई?”

 आपल्याला लागत नाही, असं परसू म्हणत आला होता. झेलणाऱ्याला टेकण कशाला?

“उद्या लाव,” केरबा म्हणाले. “लवकर ये. आणि हात धू. पोरं भितील घरात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी परसूनं टेबलामागं घोडे मांडले, त्यावर फळी टाकली, सरळ पट्टी लावून उंची जुळवली. केरबांनी खिशातून फ्यूज काढून बोर्डात बसवला आणि ते बटणापाशी उभे राहिले. सिदाप्पांनी फणसाच्या पहिल्या फळीला हात जोडले. मग ते बाकावर जाऊन बसले.

मशीन सुरू झालं. फणसाचा पिवळा भुसा उडू लागला.

परसू घाई करत नव्हता. एक फेरा, मग पातं थांबेपर्यंत वाट. पातं केसभर वर. शिकंजे तपासायचे. मग पुढचा फेरा. पहिली फळी झाली. पन्हळ बोटानं चाचपून केरबांनी मान हलवली. फळी घोड्यांवर गेली, भुईपासून लांब.

दुसरी फळी लागली.

तिची पन्हळ उतरत गेली, आणि मशीनच्या थरथरीनं मागचं टेकण भुशावरून थोडं थोडं सरकत गेलं. हे परसूला दिसलं नाही. त्याचं लक्ष पात्यावर होतं, आणि ते तिथंच असायला हवं होतं.

शेवटचा फेरा. फळी तिरकी पुढं गेली. तिचं नाक टेकणाच्या कडेला नुसतं घासलं. शेपूट पात्यावरून सुटलं. टेकण बाजूला ढळलं, आणि देवाची फळी पुढं झुकली.

परसूनं ती झुकताना पाहिली. सगळी पाहिली. फिरणारं पातं उघडं पडलं होतं, आणि त्याच्या पलीकडं फळी सावकाश, अगदी सावकाश खाली जात होती, असं त्याला वाटलं.

ती पडली.

केरबांनी बटण बंद केलं. पात्याचा आवाज उतरत गेला. बराच वेळ उतरत राहिला. मग थांबला.

सिदाप्पा उभे होते. उपरणं खांद्यावरून घसरलं होतं.

“भुईला लागली,” ते म्हणाले.

परसू जागचा हलला नाही. “मिस्त्री,” तो म्हणाला.  त्याच्या डोळ्यांपुढं जत्रा होती, चावडी होती, आपल्या नावानं हसणारी तोंडं होती. एवढे दिवस राखलेलं लाकूड त्याच्या देखत पडलं होतं, आणि तो नुसता बघत उभा राहिला होता.

“मी धरू शकलो असतो,” तो म्हणाला.

केरबा टेबलाच्या कडेनं चाचपत आले. फळी त्यांच्या पायाशी पडली होती. पाय तिला लागला. ते तिला ओलांडून पुढं आले.

परसूचा डावा हात अजून टेबलाच्या कडेला होता. बोटं अशी रुतली होती की त्याला सोडवेनात. केरबांनी ती सोडवली. करंगळी, मग तिच्या शेजारचं, असं एकेक. हात पालथा केला. उताणा केला. अंगठ्याचं बूड आपल्या अंगठ्यानं चोळून पाहिलं. मनगट पाहिलं. त्यावर पिवळा भुसा होता, दुसरं काही नव्हतं.

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तो भुसा पुसला.

मग तो हात उचलला आणि आपल्या कपाळाला लावला.

परसू दचकला. हात ओढू लागला. “मिस्त्री, हे काय...”

केरबांनी सोडला नाही.

सिदाप्पांना काय करावं ते सुचेना. त्यांनी एकदा फळीकडं पाहिलं, एकदा त्या दोघांकडं. घसा खाकरला.

“पण मिस्त्री... संध्याकाळी दिवा लावायला जाईन मी. देवाला काय सांगू?”

 शिष्याचा हात अजून केरबांच्या हातात होता.

“सांग,” ते म्हणाले, “भुईला काय लागलं न्हाई.”